कापसाचा बर्फ

बुटांच्या नाड्या बांधायला मी रेजिमेंटल सेंटरमध्ये शिकलो. त्याआधी नाडीचा बूट पायात कधी आलाच नव्हता. अमडापूरला आई-बाप दुसऱ्याच्या मळ्यात वांगी-मिरची करायचे आणि सहीच्या जागी अंगठा उठवायचे. आम्हा दोन भावांत चांगली पँट एकच, म्हणून मी सकाळच्या शाळेत आणि धाकटा दुपारच्या. पुढे फौजेत राहूनच मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला. नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो.

हे लिहायचं कारण एक सिनेमा. चिखलीची प्रणाली पुण्याला सिनेमा शिकून आली. तिला आमच्या बर्फातल्या पोस्टबद्दल सिनेमा करायचा होता.

"काका, यात लढाई नाही. शेवट आधी येतो. दुश्मन दिसतच नाही."

"मग वॉर फिल्म कशी?"

"जुन्या वॉर फिल्म याच्यात घुसतात. एकच जवान चार वेळा मरतो, चार जुन्या सिनेमांच्या पद्धतीनं. एकदा गाणं म्हणून, एकदा झेंडा धरून, एकदा पत्र वाचत, एकदा कपाळाला माती लावून. दरवेळी उठतो, तोंडावरचा रंग पुसतो, अन् कॅमेऱ्याकडे पाहून म्हणतो, हे सिनेमातलं होतं. याला पोस्टमॉडर्न म्हणतात."

मी म्हटलं, नाव काहीही ठेव, बेल्ट नीट बांध. जवानांचे बेल्ट मी स्वतः तपासले. शूटिंग देऊळघाटजवळच्या शेतात झालं. बर्फ म्हणून कापूस पसरला, आणि बाया कापूस पसरताहेत हेसुद्धा तिनं सिनेमात ठेवलं.

मग तिनं विचारलं, "पाचव्यांदा खरं मरण दाखवायचं आहे. गजाननदादा शेवटी काय बोलले?"

लान्स नायक गजानन उंद्रीचा. माझ्याच सेक्शनमध्ये. मी तेव्हा हवालदार. पोस्टवर एक टीव्ही होता आणि कपाळाला माती लावून मरणाऱ्या हिरोची एकच कॅसेट. ती आम्ही इतक्यांदा पाहिली की डायलॉग आधी आम्ही म्हणायचो, मग हिरो. गजानन हसायचा. "मराले इतका टाइम कोणाले भेटते बे?"

त्या दिवशी सकाळी ०६४० ला गजाननसह चार जणांची लिंक पेट्रोल, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंतची गस्त, निघाली. हवामान साफ. ०९१५ ला वायरलेस सेटवर गजाननचा आवाज आला.

"अल्फा फॉर चार्ली. आलोच. चहा चढवा. ओव्हर."

"प्रोसिजरनं बोल. ओव्हर," मी दटावलं.

"रॉजर. चहा चढवा. ओव्हर."

मी स्टोव्ह पेटवला. ०९२२ ला डोंगर वाजला. वरचा बर्फाचा उतार पूर्ण खाली आला होता. आम्ही फावड्यांनी आणि हातांनी खणलं. तिघं जिवंत मिळाले. गजानन १३४० ला मिळाला. तो काही बोलला नाही. बोलण्यासारखा राहिला नव्हता.

पार्थिवासोबत उंद्रीला मीच आलो. त्याच्या मायनं विचारलं, काय बोलला माहा पोरगा? मला चहाचं सांगता येईना. मी कॅसेटमधलं सांगितलं. कपाळाला माती लावली, म्हणाला, मायले सांग, रडू नको. गावानं घोषणा दिल्या.

तेच खोटं आता पडद्यावर चौथ्या नंबरला येणार होतं. जवान उठून सांगणार, हे सिनेमातलं होतं. आणि माय पहिल्या रांगेत बसणार. प्रणालीला मी खरं सांगितलं. मग एकटा उंद्रीला गेलो. माय ओट्यावर तूर पाखडत होती.

"माय, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो."

"मातीचं?"

मी मान डोलावली.

"त्यानं फोटो धाडला होता बापू. सगळा बर्फच. माती कुठली सापडली त्याले? मले तवाच समजलं."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"तू पोरासारखा रडून राह्यला होता. आणखी काय रडवू तुले?" तिनं सूप खाली ठेवलं. "आता सांग. खरं सांग."

मी सांगितलं. टाइमासकट, माझ्या प्रोसिजरसकट.

"चहा चढवा म्हणे?" ती थोडं हसली. "दोन चमचे साखर जास्त लागे त्याले. तू चढवला होता का?"

"हाव माय. चढवला होता."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली. पदर डोळ्यांना लावला. मी निघताना म्हणाली, "तिले सांग, सिनेमात हेच ठेव."

सिनेमा चिखलीला एका हॉलमध्ये दाखवला. मागून कोणीतरी म्हणालं, "फायटिंग कधी आहे बे?" काही उठून गेले. चार मरणांपर्यंत लोक हसत होते. पाचव्या वेळी पडद्यावर फक्त पांढरा कापूस होता आणि वायरलेस सेटवरचा आवाज. चहा चढवा, ओव्हर. त्यानंतर पूर्ण एक मिनिट काही नाही. मी घड्याळ पाहिलं. या वेळी कोणी उठून गेलं नाही.

बाहेर आल्यावर एका बाईनं मायला विचारलं, तुमचा मुलगा कसा गेला? ती म्हणाली, "गस्तीवरून वापस येऊन राह्यला होता. चहा मांगतला होता त्यानं."

लान्स नायक गजानन, राहणार उंद्री, चोवीस वर्षांचा होता. त्याचे शेवटचे शब्द आता त्याच्या आईपर्यंत पोचले आहेत, जसेच्या तसे.