बावन्न वेढे

टाळेबंदी लागल्यापासून कृष्णात घरात बसला असं नाहीच. तो फिरत राहिला. दारातून मागच्या परड्यात, परड्यातून दारात. तेराव्या दिवसापर्यंत त्यानं घरातला पंखा दोनदा आणि मिक्सर तीनदा खोलून जोडला होता.

"आता मला तेवढं खोलू नका," बायडाबाई, त्याची बायको, म्हणाली. "मिक्सरनं काय घोडं मारलंय तुमचं?"

छत्तीस वर्षं उद्यमनगरात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळलेली मोटार खोलायची, जुनी तार उपसायची, नवी भरायची. घाई केली नाही कधी, आणि त्याच्या हातची मोटार परत आली नाही.

रोज सकाळी फोनवर सरकारी यादी यायची. चालू काय, तर दूध, भाजी, किराणा, औषधं, शेतीची कामं. रिवाइंडिंग चालूतही नव्हतं आणि बंदमध्येही नव्हतं. हेच त्याला लागलं. बंद म्हटलं असतं तर निदान नाव तरी आलं असतं.

कागलकडच्या वस्तीवरून शालूबाईचा फोन आला. जुनं गिऱ्हाईक.

"भाऊ, हिरीवरची मोटार जळली. अकरा म्हशी हैत. घागरीनं किती वडू?"

"दुकान बंद हाय, आक्का."

"म्हशी चालू हैत की! दूध चालू, म्हशी चालू, मग म्हशींचं पाणी तेवढं बंद?"

"उद्या दुधाच्या टेम्पोतनं धाड मोटार," कृष्णात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा टेम्पो दुकानापाशी आला. त्याला पास होता. किटल्यांच्या मधून मोटार उतरली. कृष्णातनं शटर अर्धं उचललं, आत शिरला आणि पुन्हा खाली ओढलं. दुपारपर्यंत जुनी तार निघाली, खाचा घासून झाल्या, कागद बसले. मग लाकडी फर्म्यावर नवी तार गुंडाळायला घेतली.

एका कॉइलला बावन्न वेढे. एक कमी पडला तर तीच कॉइल आधी जळणार. म्हणून मोजताना तो कुणाशी बोलत नसे. गिऱ्हाईकं हे ओळखून होती, दारात गप उभी राहायची. बोलणं झालंच तर तो तार सोडून पुन्हा एकपासून सुरू करी.

चौतिसाव्या वेढ्याला शटरवर काठी वाजली.

"कोण हाय रं आत?"

पस्तीस. छत्तीस.

"भाईर ये!"

सदतीस. अडतीस.

"मुका हाईस काय?"

कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. हात त्याच चालीनं फिरत राहिला. बावन्न. त्यानं कॉइल बांधली, गाठ बघितली, मग शटर उचललं.

हवालदार लाल झाला होता. "लपतोस व्हय?"

"लपत न्हाय, सायेब. मोजत हुतो."

"काय?"

"वेढे. बोललो असतो तर चुकलं असतं. शेतीची मोटार हाय. दुधाच्या म्हशींना पाणी न्हाय."

हवालदारानं वर बघितलं. बोर्डावर मोटारीशेजारी निळा पंखा आणि मिक्सर रंगवलेला होता.

"मग ह्यो पंखा म्हशींना वारा घालाय व्हय?"

दहा वर्षांत कृष्णातनं दुकानात पंखा हातात धरला नव्हता. पेंटरकडं रंग उरला होता, त्यानं काढला, यानं काढू दिला. कृष्णात आत गेला, लाल वार्निशचा डबा नि ब्रश घेऊन आला, स्टुलावर चढला आणि पंखा, मिक्सर दोन्ही झाकून टाकले. सगळ्या कडांनी, नीट.

"आता मोटारच ऱ्हायली," तो खाली उतरून म्हणाला.

हवालदाराला हसू आलं, ते त्यानं मास्कमध्ये ठेवलं. "बोर्ड रंगवून परवानगी मिळत न्हाय, पावणं. शटर पाड."

"आणि मोटार?"

"घरी ने. घरात तू काय मोजतोस ते मी बघाय येत न्हाय."

बाकीच्या कॉइली घरात झाल्या. बायडाबाई त्या वेळात भांडीसुद्धा वाजवेना. संध्याकाळी वार्निश मारून झालं. आता ते वाळायला हवं.

"उद्या टेम्पो येतोय, तशीच दे," शालूबाईचा फोन. "म्हशी वरडाय लागल्यात."

"वल्ली हाय, आक्का. वल्ली दिली तर पुन्हा जळंल."

"तुझं ठीक हाय, तू बोल! मी चाळीस घागरी वडल्या आज."

त्यानं फोन ठेवला. गच्चीवर वाळत ठेवलेल्या मोटारीला जाऊन बोट लावलं. चिकटलं. खाली आला. पाणी न पिताच पुन्हा वर गेला. चिकटलं. सकाळी टेम्पो आला आणि रिकामाच गेला. सबंध दिवस ऊन जिकडं सरकेल तिकडं त्यानं मोटार सरकवली.

"पायऱ्या झिजतील," बायडाबाई म्हणाली, पण तिनंही जाऊन एकदा बोट लावलं.

तिसऱ्या सकाळी बोट कोरडं निघालं. जोडून, तपासून मोटार टेम्पोत चढली.

दुपारी फोन वाजला. "आलं! पाणी आलं, भाऊ!"

"फोन पंपाजवळ धर. आणि बोलू नको."

पाण्याची धार ऐकू आली, मग म्हशींचं भुरकणं. त्याच्या खाली मोटारीचा एकसारखा आवाज. बराच वेळ कृष्णात उभ्या उभ्या ऐकत राहिला.

"पंपाच्या बाजूनं जरा घरघर येतीया, आक्का," शेवटी तो म्हणाला. "ग्रीस संपलंय. डबा दुकानात हाय, उद्याच्या टेम्पोनं धाडतो."

आणि तो चप्पल शोधायला लागला.