खालाने आमचं दार परत कधीच वाजवलं नाही

पाठवलेले पैसे परत करायची ही कुठली पद्धत, खाला?

दर ईदला मी मस्कतहून तुला पाठवायचो. ईद झाली की तेवढेच्या तेवढे आईच्या हातात परत. वर निरोप, "मस्कतला सावली विकत मिळत असेल तर ती घे म्हणावं."

आता भांडू कोणाशी?

काल सकाळी हमीदाखाला गेली.

मार्केट यार्डच्या मागे आमची गल्ली. तिच्या पक्क्या भिंतीला टेकून आमचा पत्रा. खाला यार्डात कांदा निवडायला जायची. रक्ताचं नातं शून्य.

नवीन मित्रांना माहीत नसेल, आम्ही मूळ पुण्याचे नाही. गडचिरोलीतल्या एका आतल्या गावातले.

तिथे दार वाजलं की कोण आहे विचारायचं नाही. भात टाकायचा.
बंदूक घेऊन जंगलातले आले तरी. बंदूक घेऊन वर्दीतले आले तरी.
दुसऱ्या दिवशी दुसरी पार्टी विचारणार, काल कोणाला जेवू घातलं?

त्या एका प्रश्नापायी माझा बाप गेला. आईने मला उचललं आणि गाव सोडलं.

पुण्यात आलो आणि थोड्याच दिवसांत दार वाजलं.
आमचं धुण्याचं पाणी खालाच्या उंबऱ्यात जात होतं. ती भांडायला आली होती.

आईने वर बघितलंच नाही. स्टोव्ह पेटवला आणि घरात होता तेवढा तांदूळ टाकला.
खाला बोलतेय, बोलतेय. आई भात ढवळतेय.

शेवटी खाला म्हणाली, "अगं बाई, मी पाण्याचं बोलायला आले. वरात नाही आणली मागे."

मग तिचं लक्ष तांदळाच्या डब्याकडे गेलं. तळ दिसत होता.

ती खाली बसली. मिठाबरोबर भात जेवली. पाण्याचा विषय परत कधी निघाला नाही.

आईने तिला काय सांगितलं, कसं सांगितलं, माहीत नाही. गावाकडे आमची बोली वेगळी, आईला तेव्हा मराठी जेमतेम यायची.
पण दुसऱ्या दिवशी खालाने गल्लीत ऑर्डर काढली. "या घराचं दार कोणी वाजवायचं नाही. लांबून नाव घेऊन हाक मारायची. अल्लाने तोंड दिलंय ना?"

दूधवाला, लाईटवाला, सगळे हाका मारायला लागले.
एकदा मतं मागायला आलेल्या एकाने कडीला हात घातला. खाला बाहेर.
"साहेब, पाच वर्षांनी आलात. दोन मिनिटं ओरडलात तर काय झिजणारे?"

नंतर आईला कालव्यापलीकडच्या सोसायटीत भांड्यांचं काम लागलं. तिथे प्रत्येक दाराला बेल, वर कॅमेरा.
आई बेल दाबायचीच नाही. कोणी उघडेपर्यंत बाहेर उभी. मॅडम रोज चिडायच्या.

खाला सोबत गेली. वॉचमनने लिफ्टमध्ये सोडलं नाही, तर गुडघे धरत जिना चढली. आईचं बोट धरून बेलवर ठेवलं.
"दाब. यांच्याकडे दार वाजलं की कोणी मरत नाही. फार तर पार्सल येतं."

मी सातवीत शाळा सोडली. यार्डात हमाली, हिंजवडीच्या कंपनी बसवर क्लीनर, मग डिलिव्हरी. कुठेच टिकलो नाही. मस्कतचं निघालं तेव्हा आईला एकटी कशी ठेवू, या टेन्शनमध्ये होतो.
खाला म्हणाली, "तुझ्या पायाला भिंगरी आहे, तू जा. मला कुठे जायचंय?"

तिच्या जिवावर इथे आलो.

काल संध्याकाळी आईचा फोन. "बाबू, सकाळी दार वाजलं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

खालाची नात होती. रडण्याच्या भरात हाक मारायची राहून गेली.

आईने कोण आहे विचारलं नाही. आधी भात टाकला. डब्यातला सगळा. मग दार उघडलं.

मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे जेवण नेतात. आईने तेच पातेलं उचलून नेलं. कब्रस्तानातून परत आलेले सगळे तोच भात जेवले.

"पुरला," आई म्हणाली.

मला सुट्टी नाही मिळाली, खाला. मूठभर माती द्यायला पोचलो नाही.
पण माझी आई तुझ्यामुळे इतकी वर्षं दार लावून शांत झोपली. हे मी विसरणार नाही.

जा आता, सुखाने जा.

चाळिसाव्या दिवसापर्यंत तुझ्याकडे माणसं येत राहतील. आईने तांदळाचा डबा परत भरावा म्हणून पैसे पाठवतोय. या वेळी परत करून दाखव.

साडेचार हजार.