कावळा शिवण्याआधीचं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. मी सांगायला बसले की आधी इकडचं-तिकडचं बोलते आणि नेमक्या जागी पोचले की चहा टाकायला उठते — ही माझी जुनी खोड. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

मी नाशिकच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. बरी शिकवते, असं मुलं म्हणतात. नोंदी कशा घ्याव्यात हा भाग आला की मात्र मी जरा जास्तच कडक होते. मागे एका मुलीने प्रॅक्टिकलचे आकडे घरी बसून रचले होते. तिला मी वर्गासमोर इतकं बोलले की ती रडली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिच्यासाठी वाईट वाटलं म्हणून? नाही हो.

तर — निकम सर. ते याच विषयाचे, माझे शिक्षक. मी त्यांच्या घरी जायला लागले तेव्हा ते निवृत्त झालेले होते आणि काकूंना जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा निफाडला द्राक्षबाग सांभाळायचा, सर मखमलाबाद रोडला एकटेच राहायचे. माझी सेट परीक्षा दोनदा हुकली होती. सर मला रोज संध्याकाळी शिकवायचे, एक पैसा न घेता. चहासुद्धा तेच करायचे. साखर जास्त पडायची, मी मुकाट्याने प्यायची.

एक दिवस म्हणाले, "वैशाली, माझं एक काम करशील? घाटावर बसून कावळ्यांच्या नोंदी घ्यायच्या."

मी हसले. सर हसले नाहीत.

दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पटकन शिवला तर सगळे मोकळे. नाही शिवला तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं मानतात, आणि मग घरचे हात जोडून एकेक कबूल करत जातात — पोरीचं लग्न करू, भावाभावांत भांडणार नाही, म्हातारीला अंतर देणार नाही. तरीही नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिवून घेतात. सरांचं म्हणणं असं, की मेल्यावर माणसाचं काही उरतं का, हा प्रश्न आपल्या आवाक्यातला नाही, पण त्यातला हा एवढा तुकडा मोजता येतो. वचन दिल्यावर कावळा खरंच लवकर येतो का? की नुसतं कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते? त्यांनी वहीत रकाने आखून दिले. पिंड कधी ठेवला, कावळा कधी शिवला, आसपास आणखी किती पिंड होते, ऊन की ढग. आणि शेवटचा रकाना — कावळा शिवण्याआधी घरच्यांपैकी कुणी बोललेलं शेवटचं वाक्य, जसंच्या तसं.

तुम्हीच का नाही जात, असं मी विचारलं. "मला काय उत्तर हवंय ते मला माहीत आहे," सर म्हणाले. "मी मोजलं तर तेच दिसेल. तुला काहीच नकोय, म्हणून तू मोज." कुठलं उत्तर हवंय, ते त्यांनी मुद्दामच सांगितलं नाही. माझ्या नोंदींवर सावली नको म्हणून.

पहिली वही खरी आहे. हे मी शपथेवर सांगते — म्हणजे माझ्या शपथेला जी काय किंमत असेल त्या किमतीत. अख्खा हिवाळा मी रोज सकाळी रामकुंडावर जायची. एका गुरुजींनी पायरीवर बसायला जागा करून दिली होती. खरं सांगू? खऱ्या नोंदींत काही म्हणजे काही नव्हतं. लोक एकामागून एक वचनं द्यायचे, कावळा भिंतीवर ढिम्म बसून असायचा. मग कंटाळून कुणीतरी म्हणायचं, "गाडी कुठं लावली रे?" — आणि कावळा यायचा. शेवटचं वाक्य: गाडी कुठं लावली रे. चांदवडकडचं एक कुटुंब होतं. थोरला मुलगा रडत सांगत होता, "आण्णा, आम्ही वायलं नाय निघणार, चूल एकच ठेवू." तासभर सांगत होता. शेवटी दर्भाचा कावळा केला, मंडळी निघून गेली, आणि मग दोन कावळे उतरून सावकाश जेवले. दिसायचं ते एवढंच, की सकाळी लवकर ठेवलेल्या पिंडाला कावळा लगेच शिवतो आणि उन्हं वर आली की उशीर होतो. तोवर पोटं भरलेली असतात.

दुसरी वही खोटी आहे.

झालं, लिहिलं. पण थांबा, हे अर्धंसुद्धा नाही.

उन्हाळा लागला होता, परीक्षा जवळ आली होती. लोकांचं रडणं मला सहन होईना, असं म्हणायला छान वाटेल. पण तसं नव्हतं. मला कंटाळा आला होता. एक दिवस उशिरा जाग आली, सरांना काय दाखवायचं म्हणून दोन नोंदी रचल्या. सरांना कळलं नाही. मग आठवड्यातून दोनदा, मग रोजच. घाटावर जाते सांगून मी अभ्यासिकेत जाऊन बसायची आणि संध्याकाळी सरांच्या घराच्या वळणावर, रिक्षा स्टँडच्या कट्ट्यावर बसून वही भरायची. वेळा रचणं सोपं होतं. रचलेले आकडे कसे पकडायचे ते सरांनीच शिकवलं होतं, त्यामुळे पकडले जाणार नाहीत असे आकडे मला येत होते.

शेवटच्या रकान्यात काय लिहायचं? "गाडी कुठं लावली" असं कुणी रचत नाही. रचायला बसलं की हात आपोआप लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींकडे जातो. "आई, धाकटीचं माहेर मी तोडणार नाही." — दोन मिनिटांत शिवला. "बाबा, तुमची चूक नव्हती, माझी होती." — लगेच शिवला. सर ती वाक्यं मोठ्याने वाचायचे आणि चष्मा काढून ठेवायचे. एकदा म्हणाले, "किती खरं बोलतात गं लोक तिथे." तेव्हा मला काय वाटलं असेल? लाज? अजिबात नाही. मला आपण चांगलं लिहितो याचा आनंद झाला.

मग सरांनी हिशोब मांडला. कागद बराच वेळ समोर धरून बसले. वचनानंतर कावळा लवकर येतो, असं निघत होतं. पहिल्या वहीत ते दिसत नव्हतं, पण त्याचंही कारण त्यांनी शोधलं. "तू तेव्हा नवखी होतीस, वाक्यं नीट टिपता आली नसतील." म्हणजे तीन वह्यांपैकी जी एक खरी होती, तिच्यातच त्यांनी दोष काढला. तीन म्हणतेय, कारण ते पुढे म्हणाले, "खात्री केली पाहिजे. आणखी एक वही करू."

त्या तिसऱ्या वहीसाठी मी रोज गेले. एकही दिवस चुकवला नाही. समोर दिसत होतं ते पहिल्या वहीसारखंच — काहीच नाही. ते तसंच लिहिलं असतं तर दुसरी वही उघडी पडली असती. म्हणून मी घाटाच्या पायरीवर बसून, समोर माणसं रडत असताना, ऐकलेलं वाक्य सोडून दुसरं लिहायची आणि मिनिटं पुढे-मागे करायची. इथे कंटाळ्याचं नाव पुढे करता येत नाही. हे मी शुद्धीत, जाणूनबुजून केलं.

तिसरी वही झाल्यावर सरांनी मला काकूंचं सांगितलं.

काकूंच्या दहाव्याला कावळा आला नाही. दीड तास. नातेवाइकांनी सुचेल ते कबूल केलं, आणि मग सगळे वळून सरांकडे बघायला लागले. सर काही बोलले नाहीत. त्यांचा विश्वासच नव्हता. दर्भाचा कावळा केला, सगळे घरी आले, पण ते बघणं सरांच्या मनातून जाईना. "पितृपक्ष होता, भर दुपार होती, गावभर कावळ्यांना जेवण चाललेलं," सर म्हणाले. "त्याचं पोट भरलं असणार, असं मी स्वतःला सांगत आलो. तेवढंच मला आकड्यांत बघायचं होतं. पण तुझ्या नोंदी सांगतात, आसपास कितीही पिंड असोत, वचन दिलं की तो येतो. म्हणजे तिचं काहीतरी राहिलं. माझ्याकडूनच राहिलं." मग म्हणाले, "आवडो न आवडो, आकडे मान्य केले पाहिजेत."

मी समोरच बसले होते. त्यांच्याकडे खरं उत्तर आधीपासून होतं, ते मी काढून घेतलं होतं, आणि परत द्यायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी उठले आणि चहाचे कप विसळले.

त्यानंतर दर अमावास्येला सर गच्चीच्या कठड्यावर दहीभात ठेवायचे, हात जोडून काकूंना एकेक गोष्ट सांगायचे आणि वाट बघायचे. घड्याळ घेऊन कोण बसायचं? मीच. नोंद विश्वासाच्या माणसाची हवी ना. पहिल्यांदा ते म्हणाले, "सुमन, इगतपुरीच्या शाळेतली तुझी नोकरी मी सोडायला लावली." कावळा आला. सरांचा चेहरा उजळला. पुढच्या अमावास्येला तेच पुन्हा सांगितलं, तर आला नाही. म्हणजे ते नव्हे, आणखी खाली काहीतरी आहे. मग ते उकरत गेले. तुझ्या आईच्या आजारपणात तुला उशिरा पाठवलं. चारचौघांत तुझ्या इंग्रजीला हसलो. तुझ्या हातच्या भाजीला कधी बरं म्हटलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात उकरायला बसलं तर कुणाच्या घरात निघणार नाही? चारचौघांसारखा नवरा होता तो, कदाचित जरा बराच. दीड-दोन वर्षांत त्याची खात्री पटली की आपण बायकोला छळलं. नातवाच्या बारशालाही ते निफाडला गेले नाहीत. कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणाले.

दरम्यान मी सेट पास झाले. कॉलेजात लागले, सरांच्या शिफारसपत्रावर. त्यात त्यांनी लिहिलं होतं की या मुलीच्या नोंदींवर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

आता ते, ज्यासाठी मी एवढं फिरून आले.

सर शेवटच्या आजारात होते. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. सरांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "वैशाली, एखादी वही तू घरी बसून भरली असशील — तर सांग. पोरं करतात तसं. मला राग यायचा नाही. उलट..." माझा हात धरून बघत राहिले.

त्यांना संशय आला नव्हता. संशयाने बघणारा माणूस तसा बघत नाही. ते माझ्याकडे मागत होते. मी खोटी निघावं, म्हणजे आपण सुटू, एवढंच मागत होते. आणि मला ते कळत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते. मला कळत होतं.

मी म्हणाले, "नाही सर. सगळ्या नोंदी समोर बसून घेतल्यात."

"हो," सर म्हणाले. "तू तसं करायची नाहीस." आणि त्यांनी माझा हात सोडला. चौथ्या दिवशी गेले.

मी काय वाचवत होते? नोकरी ते काही काढून घेणार नव्हते. त्यांच्या नजरेतली माझी पत तेवढी राहावी — तीही आणखी चार दिवस.

त्यांचा मुलगा संदीप दर हंगामात मला द्राक्षांची पेटी आणून देतो. पप्पांच्या शेवटच्या दिवसांत मॅडम होत्या, आम्हाला तेवढं जमलं नाही, असं सगळ्यांना सांगतो. या वर्षीही आला होता. पेटी ठेवली, पण निघेना. दारातच चपला घालून उभा राहिला. मग म्हणाला, "मॅडम, एक विचारू? मम्मीचं खरंच काही राहिलं होतं का हो? माझ्याकडून काही? पप्पा जाताना लई मनाला लावून गेले. रात्रंदिवस त्येच डोक्यात येतं माझ्या."

मी म्हटलं, "मला नाही माहीत रे."

तो बरं म्हणाला आणि जिना उतरला. मी पेटी आत नेली, द्राक्षं धुतली आणि फ्रीजमध्ये ठेवली.