बाळापूरच्या हिस्टोग्राममधला दुसरा उंचवटा

आरिफ आकडे बनवतो, असं सरांना मीच सांगितलं होतं.

आज त्याला जाऊन आठ दिवस झाले. अपघात. आणि मला अजून कळत नाहीये की रडू, की स्वतःच्याच कानाखाली वाजवू.

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आमचा दोघांचा. खारपाणपट्ट्यातलं पाणी किती खारं, ते मोजायचं. भातकुलीकडची गावं माझी, बाळापूरकडची त्याची. तो तिथलाच.

मी विहिरीवर जाऊन स्वतः बादली टाकायचे.
तो घरोघरी रिकाम्या बाटल्या द्यायचा, बोअरचं पाणी भरून ठेवा म्हणायचा, आणि संध्याकाळी गोळा करायचा.

मग सॉफ्टवेअरमध्ये दोन हिस्टोग्राम लावले, किती नमुने किती खारे ते दाखवणारे आलेख. एकाखाली एक, स्केल सेम.

माझा एकच उंचवटा, खाऱ्या बाजूला.
त्याचे दोन. एक खारा आणि दुसरा चक्क गोड्या पाण्याचा!

बिन्स, म्हणजे आलेखातल्या खांबांची रुंदी, बदलून पाहिली. कोड पुन्हा रन केला. तो उंचवटा काही हलेना.

"अर्ध्या बाटल्या तू नळावर भरल्यास ना?"

"मायावर भरोसा नाही का व तुले? मी कावून असं करीन?"

"मग गोड पाणी आलं कुठून?"

"मले काय मालूम? मीबी तेच पाहून राहिलो."

मला पटलं नाही. सरांनी प्रोजेक्टमधून त्याचा डेटा काढला, सोबत त्याचं नावही.
नंतर आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. त्याचे गुड मॉर्निंग येत राहिले.

काल बाळापूरला त्याच्या घरी गेले. अम्मींनी पाणी दिलं. गोड होतं.
मी मूर्खासारखं विचारलं, "बोअरचं का?"

"बोअरचं पानी पावन्याले देत असते का, बेटा? हे नळाचं. भरून ठेवतो आमी."

मग त्याच म्हणाल्या, "आरिफ बाटल्या वाटे ना, आपल्या घरची मीच भरली होती. कॉलेजात जाईन पानी, साहेब लोक पाहतीन, म्हणून चांगलं नळाचंच भरलं. गल्लीत बऱ्याच जणींनी तसंच केलं. त्याले सांगतलंच नाही."



काय सांगणार? त्याच बाटल्यांवरून मी तुमच्या पोराला खोटारडा ठरवलं?
नाही सांगितलं. सांगायला हवं होतं का? तेही कळत नाहीये.

आज सरांना मेल केला. सगळं लिहिलं. त्याचं नाव परत टाका म्हटलं.
"ओके" आलं.

आता हे ओके घेऊन मी कुठे जाऊ?

आरिफ, श्रद्धांजली वगैरे लिहायला माझा हात धजत नाही.
तू खरं बोलत होतास.
माफ कर रे.