चौदा जणांचं लॉगिन

विभागात तिला सगळे पासवर्डताई म्हणत. संगणक प्रयोगशाळेतली कंत्राटी सहायक. सात वर्षं झाली, दर वर्षी नवं नेमणूकपत्र. विद्यापीठानं ऑनलाइन शिक्षणाचं पोर्टल आणलं, तेव्हा सोळा प्राध्यापकांना ते शिकवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. दोघं शिकले. बाकीच्यांनी आपापला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. "ताई, तेवढं तूच टाक गं, आमचं वय झालं," म्हणणाऱ्यांत पस्तिशीचेही होते.

तिला ते पटेना. ती विभागप्रमुखांकडे गेली; चौदांत एक चिठ्ठी त्यांचीही होती. एम.एस्सी.ला त्यांनीच तिला शिकवलेलं. त्यांचा शब्द म्हणजे तिला ब्रह्मवाक्य. ते हसले. "पोरी, तपासणी समिती येतेय. पोर्टल किती वापरतो यावर विभागाला गुण आहेत. तू टाकत राहा. शेरा चांगला मिळाला की तुला कायम करायचं माझ्याकडे लागलं."

मग काय, रोज अकरा ते एक ती बसायची. चौदा जणांच्या नावानं टिपणं चढवायची, चाचण्या लावायची, मुलांच्या शंकांना उत्तरंसुद्धा द्यायची. एका सरांना तर मुलांनी जिन्यातच गाठलं, "सर, काल काय मस्त समजावलंत!" सर मिशीत हसले आणि पुढे गेले.

समिती आली. समितीतल्या एका बाईंनी पोर्टल-वापराच्या रंगीत आलेखांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लॉगिनच्या नोंदी मागवल्या. वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं.

"चौदा प्राध्यापक, संगणक एकच, वेळही एकच? एका खुर्चीत मावतात का हो सगळे?"

कुणीतरी फिसकन हसलं. तिनं प्रमुखांकडे पाहिलं. सर सांभाळून घेतील, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सर खाकरले. "मलाही हे आजच कळतंय. या बाईंनी परस्पर केलेलं दिसतंय."

या बाईंनी! एम.एस्सी.पासून तोंडभरून 'पोरी' म्हणणारा माणूस. बाकीचे तेराही जण माना खाली घालून आपापल्या फाइली चाळत होते.

समिती जेवायला बसली तेव्हा सरांनी तिला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कबुलीजबाब होता. "सही करा. नोकरीला धक्का लागणार नाही, ते मी बघतो."

"हे टाइप कुणी केलं, सर?"

"मीच."

"जमतं की मग तुम्हाला."

तिनं पेन घेतलं. 'परस्पर' हा शब्द खोडला, वर लिहिलं, 'विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून', आणि खाली सही केली.

"अगं, वेडी आहेस का? नोकरी घालवशील!"

तिनं कागद उचलला आणि समिती बसली होती त्या खोलीकडे निघाली.