हरकत मॅडमची पोच

झाडावर चिकटवलेला कागद दिसला की मॅडम थांबायच्या. मागे रिक्षा हॉर्न मारतेय की हातातल्या दुधाच्या पिशवीतून थेंब गळताहेत, याकडे त्यांचं लक्ष नसे. चष्मा कपाळावर सरकवून, नाक जवळजवळ खोडाला टेकवून त्या तो कागद पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत वाचत. मग पर्समधून वही काढून खोडावर रंगवलेला नंबर टिपून घेत. झाड तोडण्याआधी अशी नोटीस लागते आणि हरकत असेल तर ती मुदतीत लेखी द्यावी लागते, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. सोसायटीत त्यांचं नाव ‘हरकत मॅडम’ पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. “निदान काम तरी बरोबर सांगितलंय,” म्हणायच्या.

त्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. आमच्याच मजल्यावर एकट्या राहत. बाहेरच्या खोलीत बुद्धाची एक लहान मूर्ती आणि तिच्याशेजारी उभ्या रचलेल्या फायली. वडील गिरणी कामगार होते. “आमच्या घरात देवाला नवस नव्हते, अर्ज होते,” असं त्या सांगत. “तोंडी बोललेलं ऐकून घेतात आणि विसरतात. कागद दिला की कुणाला तरी तो कुठेतरी ठेवावाच लागतो.” कुणी काहीही सांगितलं, अगदी मी बँकेत जाऊन आले म्हटलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच असे. “पोच घेतलीस?” दिलेल्या कागदाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का म्हणजे पोच. ती नसेल तर त्यांच्या लेखी तुम्ही घरातून निघालाच नव्हतात.

मी खराडीला नोकरी करते आणि शक्यतो कुणाशी बोलत नाही. लिफ्टमध्ये कुणी असेल तर जिन्याने जाते. त्यांची नजर कमी व्हायला लागली तेव्हा त्यांनी मला टायपिंगला बसवलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझ्या मराठी मसुद्यात त्या लाल पेनाने भरपूर दुरुस्त्या करत. एकदा मी म्हटलं, मला लोकांशी बोलायला जमत नाही. त्या मान वर न करता म्हणाल्या, “बरंय की. फार बोलतात ते सह्या करत नाहीत.”

हे खरं होतं, हे मला गेटजवळच्या करंजाच्या वेळी दिसलं. सोसायटीनेच तो तोडायला अर्ज केला होता. गेट अरुंद, मागे एकदा रुग्णवाहिका आत येऊ शकली नव्हती आणि आजारी माणसाला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत न्यावं लागलं होतं. तो आजारी माणूस म्हणजे सेक्रेटरी काकांची बायको. त्यामुळे काकांना दुष्ट म्हणणं मला जमत नाही. हाच माणूस पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत धरून रोज कुंड्यांना घालतो.

“मॅडम, पर्यावरणाची काळजी आम्हालाही आहे हो,” काका म्हणाले.

“दिसतंय ना. पण गेट रुंदच करायचं तर दुसऱ्या बाजूचा खांब पाडा.”

“त्यावर सोसायटीचं नाव आहे. ग्रॅनाइट आहे ते.”

“मग बरोबर आहे. ग्रॅनाइट परत उगवत नाही.”

मॅडमनी हरकत लिहिली, मी टाइप केली आणि आम्ही घरोघर फिरलो. सगळ्यांनी पाणी दिलं, दोघांनी चहा दिला. झाडं राहिलीच पाहिजेत, असं प्रत्येक जण म्हणाला. सही म्हटली की मात्र नवरा घरी नसायचा, किंवा उगाच काकांशी वाईटपणा नको असायचा. एका ताईंच्या गाडीवर फुलांचा सडा पडून डाग पडत होते. सह्या झाल्या सात. सातवी करंजाखाली टेबल लावणाऱ्या इस्त्रीवाल्या मामांची. ते लोणी काळभोरहून रोज यायचे.

“माझी सही चालंल का? मी काय इथला मेंबर न्हाई.”

“हरकत कुणालाही घेता येते. पत्ता सांगा.”

मामांनी वर फांद्यांकडे पाहिलं. “राहायला लोणीला. पण सकाळधरनं संध्याकाळपातुर हितंच हाय. झाड गेलं तर माझं टेबल कुठं न्यायचं ते तुमीच सांगा.”

मॅडमनी पत्त्याच्या रकान्यात लिहिलं, ‘लोणी काळभोर, दिवसा, सदर करंजाखाली’.

मुदतीच्या आदल्या दिवशी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, बाहेर जायचं नाही. त्यांनी दोन प्रती माझ्या हातात दिल्या. “एक द्यायची, एकीवर पोच घ्यायची. एवढंच.”

मी गेले. शेवटच्या दिवशी, पण खरंच गेले. महापालिकेच्या कार्यालयात खिडकीसमोर रांग होती. पुढचे एक आजोबा काहीतरी विचारत होते, मागचे लोक वैतागले होते. मी मनात वाक्य जुळवत होते आणि ते प्रत्येक वेळी अर्ध्यातच तुटत होतं. माझ्या पुढे तिघं उरले तेव्हा मी रांगेतून बाहेर पडले. बाहेरच्या कट्ट्यावर बसून सातही सह्यांचे स्वच्छ फोटो काढले आणि नोटिशीवरच्या ई-मेलवर पाठवले. मला हुशारी केल्यासारखं वाटलं. नोटिशीचा फोटो मी आधीच इन्स्टाग्रामवर टाकला होता. त्याला मिळालेली हृदयं मी बसमध्ये पुन्हा पुन्हा पाहत होते.

“पोच?” मॅडमनी पट्टीखालून विचारलं.

“ई-मेल केलाय. तोही चालतो.”

“नोटीस शेवटपर्यंत वाचलीस?”

मी हो म्हटलं आणि माझ्या खोलीत जाऊन फोनमधला मूळ फोटो मोठा केला. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात ओळ होती. हरकती समक्ष अथवा टपालाने द्याव्यात, ई-मेल केवळ चौकशीसाठी. इन्स्टाग्रामवर फोटो नीट बसावा म्हणून मी नेमकी तीच पट्टी कापली होती. घड्याळात सात वाजले होते. मुदत संपली होती.

करंज एका सकाळी तोडला. मी ऑफिसच्या बससाठी उभी होते, पण आवाज सुरू झाला तसं मला एका जागी उभं राहवेना. पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेले. संध्याकाळी आले तर गेटवर इतका उजेड होता की क्षणभर आपली सोसायटी ओळखू आली नाही. मामांनी टेबल पेट्रोल पंपाच्या भिंतीला लावलं होतं. दुपारी भिंत तापते म्हणून आठवड्याभरात तेही बंद झालं.

मॅडम मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी मीच जाऊन सगळं सांगितलं, रांगेचंही. “हे मामांना सांगितलंस?” त्यांनी विचारलं. मामा तेव्हा यायचे थांबले होते. “मग मला सांगून तुला हलकं वाटेल. त्यांना नाही,” एवढंच म्हणाल्या आणि फायलीतला आमचा अर्ज काढून त्याच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘दिला नाही’. तारीख घातली. फाइल परत जागेवर ठेवली.

पुढे दुसरा डोळाही त्रास द्यायला लागला आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. फायली मात्र माझ्याकडे आल्या. निघताना त्यांनी मला जवळ घेतलं वगैरे नाही. “वाळवी बघत जा,” म्हणाल्या.

तेव्हापासून माझं चालणं बिघडलंय. पाच मिनिटांच्या रस्त्याला वीस मिनिटं लागतात. खोडावर कागद दिसला की तो तळापर्यंत वाचल्याशिवाय पाय उचलत नाही. गेल्या आठवड्यात ऑफिसच्या वाटेवरच्या दोन कडुनिंबांना नोटीस लागली. मी रजा टाकली. या वेळी माझा नंबर येईपर्यंत रांगेत थांबले. खिडकीतल्या बाईंनी कागद घेतला आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं. मी तिथेच उभी राहिले.

“पोच हवी होती,” मी म्हटलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

त्यांनी शिक्का मारला. मी बाहेर कट्ट्यावर येऊन त्या प्रतीचा फोटो काढला, काहीही न कापता, आणि नागपूरला पाठवला. मॅडमची मुलगी त्यांना फोटो मोठा करून दाखवते. बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

“तारीख पुसट आहे. परत मारून घे.”

खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. मी पुन्हा रांगेत उभी राहिले.