एकतिसाव्या दिवशी मोडलेलं मंडल

हा अनुभव लिहून काढा, असं मला आमच्या भजनी मंडळातल्या तिघीजणींनी सांगितलं. त्यांना जो वाचायचा आहे तो हा नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यांना हवं आहे की मारुतीरायानं माझं मरण दारातून परत पाठवलं. तसं झालंही असेल. पण त्याआधी तीन आठवडे मी त्या मरणालाच देव समजून ओवाळत होते, आणि तेवढा भाग गाळून पुढचं लिहायला मी तयार नाही.

आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण दोन्हींतून. जयनगरच्या एका शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर मधुमेह तेवढा सोबतीला राहिला, बाकी सगळा वेळ मोकळा. म्हणून मंडल धरलं. मंडल म्हणजे इकडच्या रिवाजाप्रमाणे अठ्ठेचाळीस दिवसांचं व्रत, एका दिवसाचाही खंड न पाडता. रोज सकाळी घराजवळच्या मारुतीला एक्कावन्न प्रदक्षिणा घालायच्या असं ठरवलं. मागायचं काहीच नव्हतं. देवळात बाकीच्या बायका कुणाच्या लग्नासाठी, कुणाच्या नोकरीसाठी फेऱ्या मारत असायच्या आणि मी त्यांच्याजवळून निष्काम होऊन जायची. खरं सांगायचं तर त्या निष्काम असण्याचाच मला केवढा तोरा होता.

दहाव्या दिवसाच्या आसपास सुरू झालं. पंधरावी-सोळावी फेरी आली, गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला पोचले, की छाती भरून यायची. गळ्याशी काहीतरी दाटायचं, जबडा जड व्हायचा, डावा हात भरून यायचा, कपाळावर घाम. मी तिथल्या दगडी कट्ट्यावर टेकायची, डोळे मिटायची. चार-पाच मिनिटांत सगळं ओसरायचं आणि मागे अशी शांतता उरायची की डोळ्यांत पाणी यायचं. भाव दाटला की कंठ दाटतो, अंगाला घाम सुटतो, हे लहानपणापासून कीर्तनांत ऐकलेलं. गणिताच्या बाईला पुरावा लागतो, आणि मला तर रोज, जवळजवळ त्याच फेरीला, त्याच जागी पुरावा मिळत होता. मी आणखी काय मागणार?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "गॅस असेल. ओवा खा." संध्याकाळपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. मंडळात सांगितलं तेव्हा मात्र आमच्या प्रमुख सुधाक्कांनी हात जोडले. पुढच्या भजनाला मला पेटीशेजारी बसवलं. बायका पाया पडू लागल्या, आणि मी पडू दिलं.

देवळाच्या पायऱ्यांशी गौरम्मा नावाची बाई फुलं विकायला बसते. शेवंती, तुळस, मारुतीला घालायच्या विड्याच्या पानांच्या माळा. वय माझ्याएवढंच. ती कन्नड बोलते, मी इथे आपल्या भाषेत लिहिते. पंचविसाव्या की सव्विसाव्या दिवशी मी माळ घेत असताना तिनं हात पुढे केलाच नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "अम्मा, स्वल्प बसा. रोज बघते मी. मागं जाता आणि बसता. छातीत धरतं ना?"

"धरत नाही, भरून येतं," मी म्हटलं. "त्याच्या कृपेनं."

"चालताना येतं, बसल्यावर जातं. असंच ना?" तिनं लुगडं घोट्यापासून जरा वर केलं. पायावर आतल्या बाजूनं गुडघ्यापर्यंत एक लांब, फिकट व्रण गेला होता. "माझंही असंच होतं. इथली शीर काढून छातीत लावली. देव छातीत येतो, तर तुम्ही बसल्याबरोबर उठून जातो का, अम्मा?"

इतका राग मला कित्येक वर्षांत आला नव्हता. फुलं विकणाऱ्या बाईनं माझी भक्ती पायावरच्या व्रणाशेजारी ठेवून मोजावी? मी माळ न घेताच वर गेले. दुसऱ्या दिवसापासून फुलं कोपऱ्यावरच्या दुकानातून आणू लागले आणि तिच्यासमोरून पिशवी मुद्दाम दिसेल अशी धरून जाऊ लागले. ती आपली माळा ओवत राहायची. माझं छातीत भरणं मात्र पंधराव्या फेरीवरून नवव्या फेरीवर आलं. त्याचाही अर्थ मी माझ्या सोयीनं लावला, की देव आता लवकर भेटतो.

एकतिसावा दिवस शनिवार होता. शनिवारी आमच्या मारुतीला लोण्याचा अलंकार असतो. डोक्यापासून पायापर्यंत पांढराशुभ्र लोण्यात, वर काजू-मनुका खोचलेला देव, आणि त्याला बघायला ही गर्दी. त्या दिवशी चौथ्याच फेरीला छाती भरली. कट्ट्यावर बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पण ओसरेना. आज भेट जरा लांबली आहे, असं मी मनाशी म्हटलं ते मला लख्ख आठवतं. मग घाम पाठीवरून वाहू लागला, श्वास अर्ध्यावर अडू लागला, आणि पहिल्यांदाच मला भीती वाटली. देवाची अशी भीती वाटत नाही, एवढं तेव्हाही कळलं.

डोळे उघडले तर गौरम्मा समोर होती. शनिवारची सकाळ म्हणजे तिचा आठवड्यातला खरा धंद्याचा दिवस, पायऱ्यांवर माणसं माळांसाठी हात पुढे करून उभी, आणि ही टोपली तशीच टाकून आत आलेली. एकतिसाव्या दिवशी ती आत का आली, मला दिसलं नाही ते तिला कसं दिसलं, हे मी पुढे पुष्कळदा मनात घोळवलं. तिनं एका हातानं मला उठवलं. मी म्हटलं, "सत्तेचाळीस फेऱ्या राहिल्यात." ती "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं म्हणाली आणि मला सरळ ऑटोत घातलं. वाटेत तिनं ऑटोवाल्याशी जी भाषा वापरली ती देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या बाईची नव्हती, पण ऑटो पळाला.

इस्पितळात ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, त्याच दुपारी मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी केली. त्यानंतर एक पन्नाशीची सर्जन बाई पलंगाशी खुर्ची ओढून बसली आणि मुलीला भूमिती समजवावी तसं तिनं मला कागदावर हृदय काढून दाखवलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन मोठ्या नळ्या. त्यांतल्या डावीकडच्या दोन ज्या एका खोडातून फुटतात, ते खोडच माझं अरुंद झालेलं, आणि उजव्या नळीतही अडथळा. ती म्हणाली, "प्रत्येकाची छाती उघडायची आम्हाला हौस नसते. एखादा अडथळा असला तर गोळ्यांवर भागतं, नाहीतर स्टेंट घालतो. पण खोड अडलंय, तिन्ही नळ्या खराब आहेत, त्यात तुम्हाला साखर. अशा माणसाला बायपासच टिकतं." पायातली शीर आणि छातीच्या आतली एक धमनी घेऊन अडथळ्याच्या पलीकडे जोडायची, म्हणजे रक्ताला दुसरी वाट मिळते.

"सतरा दिवसांनी करू," मी म्हटलं. "माझं मंडल चालू आहे. आजची सकाळ गेली, पण संध्याकाळी सोडा मला, आजच्या राहिलेल्या फेऱ्या घालून येते."

"तुम्ही सतरा दिवस थांबाल," ती म्हणाली. "ते खोड थांबेल असं मी लिहून देणार नाही."

मग मी जे विचारायला घाबरत होते ते विचारलं. मला रोज जे भरून यायचं ते सगळं हेच होतं का? तिनं जरा विचार केला. "ते मला कसं सांगता येईल? मला एवढंच माहीत आहे की चालताना यायचं आणि बसल्यावर जायचं." तेच वाक्य, जवळजवळ तेच शब्द. मी भिंतीकडे तोंड केलं आणि ऑपरेशनला नकार दिला.

लोकांना वाटलं मी चाकूला भ्याले. चाकूची भीती होतीच, पण ती दुय्यम होती. ऑपरेशनला हो म्हणणं म्हणजे मान्य करणं, की तीन आठवडे माझ्या छातीत देव आला नव्हता, तुंबलेलं रक्त होतं. मी मारुतीशी भांडले. अरे-तुरे करून भांडले. मी काही मागितलं नव्हतं, मग एवढी चेष्टा कशाला केलीस? बायकांना माझ्या पाया पडायला लावलंस आणि आत काय होतं, तर चरबी? तू स्वतः दर शनिवारी लोण्यात बुडतोस, तुला काही होत नाही, आणि माझ्या नळ्या तेवढ्या बुजतात? हे शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "तू गेलीस तर राहिलेल्या फेऱ्या मी घालणार नाही, आधीच सांगून ठेवतो." आणि पटकन बाहेर गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते.

सोमवारी दुपारी गौरम्मा आली. माळ आणली होती, पण पहारेकऱ्यानं फुलं आत नेऊ दिली नाहीत, म्हणून मोकळ्या हातानं आली. मी विचारलं, शनिवारी तुझी टोपली कुणी सांभाळली?

"कोण सांभाळणार? गेली सगळी. फुलं काय, संध्याकाळी सुकतातच, अम्मा."

"मी तर तुझ्याकडून घेतही नव्हते."

"घेत नव्हतात. पण रोज दिसत होतात ना."

मंडल मोडलं गं, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "त्याचं काय अडतंय तुमच्या फेऱ्यांवाचून? तो आहे तिथेच बसलाय." आणि माझं पांघरूण पायावर नीट ओढून निघून गेली.

ती गेल्यावर मी पुष्कळ रडले, आणि आत अडलेलं काहीतरी सुटलं. तीन आठवडे मी कट्ट्यावर डोळे मिटून देवाला भेटायला बसत होते, आणि पायरीवरून कुणीतरी डोळे उघडे ठेवून मला बघत होतं. कोणत्या भेटीला कृपा म्हणायचं ते मला कुणी शिकवायची गरज उरली नाही. ह्यांना हाक मारली आणि कागद मागवून घेतला. सही करताना मारुतीला सांगितलं, मंडल मी पुरं करणार नाही, आणि त्याबद्दल माफीही मागणार नाही. तुला हवं ते कर. आयुष्यात मी कुणाच्याही हाती स्वतःला असं सोपवलं नव्हतं, आणि सोपवलं तेही भांडतच.

ऑपरेशनबद्दल रंगवून सांगण्यासारखं काही नाही. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात नळी होती आणि पाठ असलेलं एकही स्तोत्र आठवत नव्हतं. छातीचं हाड जुळेपर्यंत खोकला आला की उशी कवटाळायची, प्लॅस्टिकच्या डबीतले तीन गोळे श्वासानं ओढून उचलायचे, पहिल्या दिवशी एकच उचलला गेला. उगाच रडू यायचं. पायाचा व्रण खाजायचा. तीन महिन्यांनी मी चालू-फिरू लागले, आणि जे. पी. नगरला सुधाक्कांच्या घरी भजनाला गेले.

भजनानंतर एकीनं आपला अनुभव सांगायचा, अशी आमची पद्धत. सुधाक्कांनी माझा अनुभव आधीच सगळ्यांना सांगून ठेवला होता: भक्तीच्या भरात समाधी लागली, यमदूत आले, मारुती आडवा आला. मला फक्त हो म्हणायचं होतं. पेटीशेजारची जागाही राखून ठेवली होती.

मी हो म्हटलं नाही. उभी राहिले आणि सगळं सांगितलं, पंधरावी फेरी, जबडा, डावा हात, बसल्यावर ओसरणं. तो भाव नव्हता, माझ्या हृदयाला रक्त पोचत नव्हतं, असं सरळ शब्दांत सांगितलं. तुम्ही ज्याच्या पाया पडलात तो आजार होता, आणि मी मुकाट्यानं पडू दिलं, असंही. सुधाक्कांचा चेहरा उतरला. "देवाच्या दारात असं बोलू नये," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, देवाच्या दारातच बोलावं, आणि प्रसाद घेऊन बाहेर पडले. पेटीशेजारची जागा गेली ती गेलीच.

चप्पल घालत होते तेव्हा कमलाक्का मागून आल्या. मंडळातल्या सगळ्यात अबोल बाई. भिंतीला हात टेकून हळूच म्हणाल्या, "अक्का, मलाही नामस्मरण करत जिना चढताना असंच होतं. वरच्या पायरीवर बसले की जातं. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, आता माझ्यावरही…" आणि थांबल्या. मग विचारलं, "म्हणजे तो भाव नाहीच का?"

"असेलही," मी म्हटलं. "आधी हृदय तपासून घेऊ, मग त्यालाच विचारू."

हे मी इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिते आहे. कमलाक्का आत तपासणीच्या खोलीत आहेत, त्यांची पर्स आणि जपमाळ माझ्या मांडीवर आहे. मारुतीराया, माझं व्रत मोडलंस, तोरा मोडलास, बायकांत होता तो मान मोडलास. त्याबद्दल तुझे उपकार मानते, आणि आता मी तुझ्यापाशी निष्कामबिष्काम काही नाही. मला मागायचं आहे. ह्या बाईचं जे निघेल ते वेळेत निघू दे.